धुराड्यातले चातुर्मासी पाहुणे



न्यू जर्सीतल्या आमच्या हॉलचं रूप यंदा पालटलं. लाकडं जाळायची जुनी फायरप्लेस बंदच करायची होती. अग्निकायिक जीव आहेतच, शिवाय लाकडाच्या सालीखाली किती किडे-मुंग्या दडलेल्या असतात!

ऑगस्टमध्ये लेकीचा साखरपुडा घरीच, म्हणून जुलैत काम काढलं. तर धुराड्यात चिवचिवाट! चिमणी स्विफ्ट पक्षी. लाळेनं काड्या चिकटवून ते आतल्या भिंतीला घरटं करतात. कारागीर म्हणाला, "काढून टाकतो, दहा मिनिटांचं काम." इथे १९१८ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, पण मला आधी अहिंसाणुव्रत आठवलं. काम थांबवलं. घरचे रुसले. साखरपुडा अर्धवट रंगवलेल्या हॉलमध्येच झाला, फायरप्लेसपुढे सासूबाईंची इरकल साडी लावून.

ऑक्टोबरपर्यंत पाहुणे दक्षिण अमेरिकेकडे गेले. मग धुराडं साफ करून खालचं झाकण कायमचं बंद केलं. वरचं तोंड उघडंच ठेवलंय. विटांचं धुराडं त्यांना मानवतं; पत्र्याचं असेल तर मात्र वर जाळी हवीच, गुळगुळीत पत्र्यावर पकड मिळत नाही.

आग जळायची त्या कोनाड्यात आता शास्त्राची पुस्तकं आहेत. सामायिकाला मी तिथेच बसते.