पोटावरची पिशवी आणि रेल्वेचा पास

गुदाशयाच्या कर्करोगावर आमची शस्त्रक्रिया झाली आणि पोटावर डाव्या बाजूला एक पिशवी कायमची आली. अशा शस्त्रक्रियेत डॉक्टर आतड्याचे तोंड पोटावर काढतात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. त्यावर चिकटवलेल्या पिशवीत मळ जमा होतो. मोठ्या आतड्याचे तोंड काढले तर ती कोलोस्टॉमी, लहान आतड्याचे काढले तर इलिओस्टॉमी आणि लघवीसाठी वाट काढली तर युरोस्टॉमी.

हा विषय कौटुंबिक पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु ज्या घरात अशी पिशवी आहे, त्या घरात तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आणि न बोलल्यामुळेच चांगला बरा झालेला माणूस घरात कोंडला जातो. म्हणून हे लिहिणे.

आम्ही राहतो शेगावला आणि कारकुनी करतो अकोल्याला. जाणे-येणे रेल्वेने, मासिक पासावर. शस्त्रक्रियेनंतर नातेवाईक भेटीला आले ते एकच सल्ला घेऊन: "आता प्रवास जमायचा नाही, स्वेच्छानिवृत्ती घ्या." त्यांचा हेतू चांगला होता. पण घर आमच्या पगारावर चालते, दोन मुलांचे शिक्षण बाकी आहे. प्रवास सोडणे म्हणजे नोकरी सोडणे, आणि नोकरी सोडणे म्हणजे मुलांचे कॉलेज सोडणे, हा हिशोब आम्हाला बी.कॉम. न करताही समजला असता.

त्या काळात रुग्णालयातील परिचारिका भगिनीने आम्हाला या पिशवीचा इतिहास सांगितला. डेन्मार्कमध्ये एलिझ सोरेन्सन नावाची एक परिचारिका होती. तिच्या बहिणीवर, थोरावर, अशीच शस्त्रक्रिया झाली. लोकांसमोर गळती होईल या भीतीने थोरा घराबाहेर पडेना. तेव्हा १९५४ साली एलिझला अंगाला चिकटणाऱ्या, वापरून टाकून देता येणाऱ्या पिशवीची कल्पना सुचली, आणि पुढे ऑगे लुई-हान्सन या कारखानदाराने ती तयार केली. म्हणजे बहिणीला घराबाहेर पडता यावे म्हणून जी वस्तू जन्मली, तीच लावून आम्ही घरात बसणार होतो! हे ऐकल्यावर पास काढायचा हे आमचे ठरले.

आता अनुभवाच्या चार गोष्टी. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करावी. पूर्ण भरू दिली तर वजनाने चिकटपट्टी सुटते. घरातून निघताना एकदा आणि गाडीत चढण्यापूर्वी स्टेशनवर एकदा, असा आमचा नेम आहे. संडासात आधी थोडे पाणी ओतावे, मग पिशवीचे तोंड उघडावे, म्हणजे उडत नाही. पिशवी बदलायची तर सकाळी चहापूर्वी, कारण तेव्हा पोट शांत असते. वायूने फुगली म्हणून टाचणीने भोक कधीही पाडू नये. वास त्यातूनच येतो. नीट बसवलेल्या बंद पिशवीचा वास शेजाऱ्याला येत नाही, हे आम्ही खचाखच भरलेल्या डब्यात रोज पाहतो.

प्रवासाची वेगळी छोटी पिशवी करावी आणि ती खांद्यालाच ठेवावी. तीत भोक आधीच कापून ठेवलेल्या दोन पिशव्या, मऊ सुती फडके, पाण्याची बाटली, जुने वर्तमानपत्र, काळ्या प्लास्टिकच्या थैल्या आणि एक पँट असावी. वापरलेली पिशवी कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यातच टाकावी. रेल्वेच्या डब्यांत आता बायो-टॉयलेट आहेत, त्यात ती टाकल्यास सगळ्या डब्याची गैरसोय होते. पँटचा पट्टा स्टोमावर येऊ देऊ नये. स्टोमाला वेदना होत नाही, त्यामुळे घासून रक्त आले तरी आपल्याला कळत नाही. जड ट्रंक उचलू नये. त्या जागी हर्निया होण्याचा धोका असतो.

आपल्या वऱ्हाडातला उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. घामाने चिकटपट्टी सैल होते, म्हणून एप्रिल-मे मध्ये आम्ही ती नेहमीपेक्षा लवकर बदलतो. जादा पिशव्या उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नयेत. इलिओस्टॉमी असलेल्यांच्या अंगातले पाणी आणि मीठ फार लवकर कमी होते. त्यांनी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, घालून ते जवळ बाळगावे. राहिली शेगावची कचोरी. आम्ही ती सोडलेली नाही, फक्त प्रवासाच्या दिवशी खात नाही. रविवारी घरी बसून खातो.

सवलतींची माहिती पुष्कळांना नसते. ऑस्टोमीच्या रुग्णाला रेल्वेच्या पहिल्या व दुसऱ्या वर्गाच्या मासिक आणि त्रैमासिक पासात ५० टक्के सवलत आहे. प्रवास कोणत्याही कारणासाठी असो, ती मिळते, आणि एका सोबत्यालाही मिळते. कर्करोगाचा रुग्ण उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जात असेल तर स्लीपर आणि थ्री-टायर ए.सी.त त्याला भाडे पडत नाही, सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांसह अनेकांच्या सवलती बंद झाल्या, पण रुग्णांच्या ११ प्रकारांच्या सवलती चालू राहिल्या आणि त्यात ऑस्टोमी आहे. डॉक्टरांचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ही कोणाची मेहरबानी नव्हे. हक्काचा कागद आहे, तो मागून घ्यावा.

सगळे सोपे झाले असे नाही. एकदा डब्यात पिशवीचा आवाज झाला तेव्हा शेजारचा गृहस्थ नाकाला रुमाल लावून उठून गेला. वास नव्हता, फक्त आवाज होता. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी 'दूर हो' हे शब्द आयुष्यभर ऐकले, त्यांना असे उठून जाणे कसे लागते हे वेगळे सांगायला नको. पण आम्ही जागेवरच बसून राहिलो. लाज वाटावी असे आमच्या पोटावर काहीही नाही.

मुंबईला तपासणीसाठी गेलो असता एक दिवस मुलांना घेऊन गेटवेवरून बोटीने घारापुरीलाही जाऊन आलो. शैव लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या बेटावर बौद्ध स्तूपाचे अवशेषही आहेत. तासाभराचा समुद्रप्रवास होता. चढण्यापूर्वी पिशवी रिकामी केली, एवढीच तयारी पुरली.

हे सारे लिहावेसे वाटले ते आमच्या वस्तीतील एका मावशींमुळे. त्यांना तीन वर्षांपासून पिशवी आहे. लेक भुसावळला, पण नातीच्या नामकरणालाही त्या गेल्या नाहीत. आमच्या पत्नीने त्यांना सहज विचारले तेव्हा म्हणाल्या, "बाई, लोकायच्या घरात मी घाण घेऊन कशी जाऊ?" पत्नी म्हणाली, "मावशी, घाण तर सगळ्यांच्याच पोटात असते. तुमची दिसते एवढंच."

गेल्या महिन्यात आम्ही तिघे सकाळच्या गाडीने भुसावळला गेलो. मावशी खिडकीजवळ बसल्या होत्या. जलंब गेले, मलकापूर गेले, तरी त्यांचा हात पोटावरच होता. भुसावळला फलाटावर लेक उभी होती आणि तिच्या हाताला धरून नात. आजीला तिने फोटोतच पाहिलेले. मावशींनी खाली वाकून तिला दोन्ही हातांनी जवळ घेतले.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरात, शेजारात असे कोणी असेल तर त्यांची विचारपूस करा. पहिल्या प्रवासाला सोबत जा. दुसऱ्या प्रवासाला ते एकटे जातील.