कुंभार्लीचा घाट आणि गाडीची वही

मंडळी, दिवाळीच्या पाडव्याला आमच्या देवघरात दोन वह्या ठेवतात. दोन्ही लाल कापडी पुठ्ठ्याच्या. एक शेतीची, दुसरी गाडीची. शेतीची वही तुमच्याही घरी असेल. गाडीच्या वहीचं मात्र पाहुणेमंडळींना हसू येतं.

ती सुरू केली आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. २००९ च्या डिसेंबरात उसाच्या बिलात थोडी शिल्लक घालून त्यांनी छोटी पेट्रोल मोटार घेतली. सगळ्या खर्चासह ३ लाख २० हजार. पहिल्या पानावर ही रक्कम, दुसऱ्या पानापासून पेट्रोल, तेलपाणी, पंक्चर, विमा. आबा २०१७ साली गेले. तिथून पुढची पानं माझ्या हातची.

२०२४ च्या दिवाळीत या वहीवरून घरात वाद पेटला. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. आमची डिसेंबरात संपणार होती. पुण्याला नोकरीत असलेला थोरला म्हणाला, "बाबा, गाडी देऊन टाका. नवी घेऊ, हप्ते मी भरतो." सौ.चं म्हणणं, ते पैसे आधी ठिबकला घाला. आई काहीच बोलेना. मी म्हटलं, भाऊबीजेला गुहागरकडं बहिणीला भेटून येऊ, मग ठरवू. वही बरोबर घेतली. चला, तुम्हीही आमच्या गाडीत बसा.

आमचं गाव कराडजवळ. तिथून गुहागर दीडशे किलोमीटरच्या आसपास. तुम्ही म्हणाल, एसटी का नाही? रास्त आहे. आई सत्त्याहत्तरची, तिला प्रवास फुकट. सौ.ला अर्धं तिकीट. नुसतं पेट्रोल धरलं तरी जाऊन-येऊन आमचे २,१०० रुपये जायचे होते. पण आईचे गुडघे दुखतात, चिपळूणला गाडी बदलायची, आणि बरोबर गुळाची ढेप, ज्वारीचं पोतं नि फराळाचे डबे.

कराडला टाकी काठोकाठ भरली आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहिला. गाडी एका लिटरला किती चालते हे पाहायची ही साधी रीत. टाकी पूर्ण भरायची, आकडा टिपायचा. पुढच्या खेपेला परत पूर्ण भरायची. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर. दोनशे-पाचशेचं पेट्रोल घालत गेलं की हा हिशेब कधीच लागत नाही. आमची गाडी नवी होती तेव्हा लिटरला १८ किलोमीटर द्यायची, आता १५ देते.

मल्हारपेठ मागं पडली की कोयनेचं खोरं अरुंद होऊ लागतं. उसाची जागा भातखाचरं घेतात. कापणीचे दिवस होते. कुठं झोडणी चालली होती, कुठं पेंढ्या रचल्या होत्या. पाटणच्या वरच्या अंगाला वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग फिरते. पाटणला चहा घेताना सौ.ला मी वर्षाचा हिशेब वाचून दाखवला. तुम्हालाही सांगतो.

पाडवा ते पाडवा गाडी ६,००० किलोमीटर चालली. पेट्रोल ४०० लिटर, सरासरी १०५ रुपये दरानं ४२,०००. तिऱ्हाइताचा विमा आणि धुराचं प्रमाणपत्र ३,१००. तेल बदलणं, सर्व्हिसिंग ३,४००. क्लच प्लेट, चाकाचं बेअरिंग अशी दुरुस्ती १२,३००. टायर त्या वर्षी घेतले नव्हते, पण चार टायरना १४,००० लागतात आणि ते ४०,००० किलोमीटर चालतात. म्हणजे किलोमीटरला ३५ पैसे, वर्षाचे २,१००. बॅटरीचेही असेच वाटून १,१००. एकूण ६४,०००.

"झाला की हिशेब," सौ. म्हणाली. झाला नव्हता. दर पाडव्याला मी कराडात जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्याला विचारतो, आज हिचे किती येतील? आदल्या साली ६०,००० म्हणाला होता, यंदा ५५,०००. हे ५,००० रुपये कुणाच्या हातात दिले नाहीत, पण गेले तर खरे. ते धरून ६९,०००. किलोमीटरला साडेअकरा रुपये. पेट्रोल त्यातले फक्त सात.

बैलाच्या बाबतीत आपण हे न शिकता जाणतो. दोन दाती खोंड घेताना आणि म्हातारा बैल विकताना मधला फरक कुठं गेला असं कुणी विचारत नाही. तो कामात गेला. गाडीच्या बाबतीत मात्र आपण फक्त पंपावर दिलेले पैसे मोजतो.

कोयनानगरला थांबलो. धरणाची भिंत १०३ मीटर उंच. मागं शिवसागराचं पाणी सह्याद्रीच्या कुशीत दूरवर पसरलेलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथं मोठा भूकंप झाला. ती रात्र आईला अजून आठवते. आमच्या गावात माणसं भांडी सोडून अंगणात पळाली होती, असं ती सांगत होती. या धरणाचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीच्या अंगाला खाली सोडतात. त्या पडण्यातून वीज होते आणि तेच पाणी पुढं वाशिष्ठीला मिळतं. पाणी खाली येतं ते काम करून येतं. गाडीची किंमतही खाली येते. गाडी वापरात असली तर ती काम करून उतरते. गोठ्याशेजारी झाकून ठेवली तरी उतरतेच, फक्त पदरात काही पडत नाही.

हेळवाक सोडलं की कुंभार्लीचा घाट लागतो. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा आबांचा दंडक. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. दुसऱ्या गिअरमध्ये वळणामागून वळण घेत उतरलो. आधी खोल दरी, मग शिरगाव, मग रस्ता हळूहळू सपाट होत चिपळूणकडं जातो.

मोटारीच्या किंमतीचा उतार अगदी या घाटासारखा आहे. हिशेबनीस त्याला घसारा म्हणतात. आधी तीव्र घाट, मग सपाटी. वहीत पाहा. पहिल्या पाच वर्षांत आमची गाडी ३ लाख २० हजारांवरून १ लाख ७५ हजारांवर आली. वर्षाला २९,००० गेले. पुढच्या पाच वर्षांत ९५,००० वर, म्हणजे वर्षाला १६,०००. शेवटच्या पाचात ५५,००० वर, म्हणजे वर्षाला ८,०००. विमा कंपन्या गाडीची किंमत धरतात तेव्हा असाच उतार धरतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के कमी, एक वर्षापर्यंत १५, दोनपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. त्यापुढं दोघांच्या संमतीनं.

चिपळूण ओलांडून, मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत गुहागरच्या अंगाला लागलो. नारळी-पोफळीच्या वाड्या, लाल मातीचे बांध, मग सुरूच्या झाडांमागं समुद्र. बहिणीनं ओवाळलं. "दादा, हीच गाडी अजून?" म्हणून हसली. रात्री ओटीवर दाजी आणि मी नव्या गाडीचा हिशेब मांडला.

गाडी ७ लाखांची. २ लाख रोख, ५ लाख कर्ज. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी हप्ता साधारण १०,५००. पाच वर्षांचं व्याज १ लाख ३० हजार, वर्षाला २६,०००. पाच वर्षांत किंमत निम्मी धरली तर घसारा वर्षाला ७०,०००. नवी गाडी लिटरला २० किलोमीटर देईल, तेव्हा पेट्रोल ३१,५००. पूर्ण विमा सरासरी १८,०००, सर्व्हिसिंग ६,०००, टायर २,१००. बेरीज १ लाख ५३ हजार ६००. आमच्या ६,००० किलोमीटरला भागलं तर किलोमीटरला २५ रुपये ६० पैसे. पेट्रोलात वाचणार होते १०,५००, आणि त्यासाठी व्याज नि घसारा मिळून ९६,००० मोजायचे.

दाजी म्हणाले, "मग प्रश्नच मिटला." मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी बहिणीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही, मग चहा, मग नारळ बांधणं. निघायला चार वाजले. कुंभार्ली चढायला लागलो तेव्हा अंधारत आलं होतं. गाडीत नारळांचं पोतं. अर्ध्या घाटात उष्णतेचा काटा वर सरकला. पुढच्या वळणावर बॉनेटखालून वाफ. रेडिएटरचा वरचा रबरी पाईप उभा फाटला होता.

गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले. गरम रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नसतं, उकळतं पाणी तोंडावर येतं. वाट पाहणं भाग होतं. आई कठड्याजवळ शाल गुंडाळून बसली. वरून येणाऱ्या मालट्रकांचे दिवे वळणावर अंगावर येत. प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा उठे. दीड तास गेला. पाटणकडच्या एका जीपवाल्यानं आईला आणि सौ.ला कोयनानगरला नेलं. मी गाडीपाशी रात्र काढली. सकाळी मिस्त्री आला. पाईप, पाणी, मजुरी मिळून ११०० रुपये.

कोयनानगरला आई एवढंच म्हणाली, "आबा असते तर तो पाईप खंडेनवमीलाच बदलला असता."

ते शब्द लागले. चहाच्या टपरीवर बसून वही मागं उलटत गेलो. २०१५ च्या पानावर आबांचं अक्षर सापडलं. "पाण्याचे दोन्ही पाईप बदलले. पाच वर्षांनी परत पाहणे." म्हणजे २०२० साली पाहायला हवं होतं. वही चार वर्षं सांगत होती. मी रोज लिहीत होतो आणि एकदाही मागं वाचत नव्हतो. किलोमीटरचे पैसे काढण्यात मी हुशार झालो, पण गाडी कुठं थकली आहे हे सांगणारी ओळ माझ्या नजरेतून सुटली. साडेअकरा रुपयांत घाटातल्या त्या दीड तासाची किंमत धरलेली नव्हती.

थोरल्याचं म्हणणंही मग नीट ऐकलं. आमच्या गाडीला हवेच्या पिशव्या नाहीत, चाक अडकू न देणारे ब्रेक नाहीत. आता नव्या मोटारींत त्या सोयी असतात. हे वहीच्या रकान्यात मांडता येत नाही, पण खरं आहे.

घरी आल्यावर चौघं बसलो आणि ठरवलं. नोंदणी वाढवायची. ती पाच वर्षांसाठी वाढते. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० झालं. पर्यावरण कर आणि तपासणीआधीची डागडुजी मिळून आम्ही १५,००० धरले. पाच वर्षांत वाटले तर किलोमीटरला ५० पैसे. म्हणजे बारा रुपये.

पण अटी घातल्या. आईला घेऊन अंधारात घाट नाही. लांबच्या प्रवासाला एसटी. रबरी पाईप, पंख्याचा पट्टा, ब्रेकचं तेल दर खंडेनवमीला तपासायचं. मागच्या बाकावरही पट्टा बांधायचा. वर्षाची दुरुस्ती ४०,००० वर गेली तर गाडी विकायची, कारण विकून ५५,००० येणाऱ्या गाडीत तेवढे घालणं म्हणजे आटलेल्या विहिरीवर नवी मोटर बसवणं. आणि नवी गाडी घेतली असती तर जो हप्ता भरला असता, त्यातले ४,००० दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायचे. तीन वर्षांत १ लाख ४४ हजार होतील. तेवढं कर्ज कमी. ठिबकही अडलं नाही.

तुमचा हिशेब वेगळा निघेल. कुणी दूध घालायला रोज पन्नास किलोमीटर जात असेल, कुणाची गाडी भाड्यानं फिरत असेल. वर्षाला २० हजार किलोमीटर चालणाऱ्याला नव्या गाडीचा घसारा, व्याज नि विमा जास्त किलोमीटरवर वाटला जातो, आणि पेट्रोलची बचत मोठी दिसते. ट्रॅक्टरला किलोमीटरऐवजी तास धरा, रीत तीच. शंभर पानी वही पुरते. आकडा, लिटर, रुपये, काय बदललं आणि पुढं कधी पाहायचं, एवढे पाच रकाने आखा. दर पाडव्याला बाजारभाव विचारून लिहा.

आणि मंडळी, वर्षातून एकदा ती वही पहिल्या पानापासून वाचा. आम्ही आता खंडेनवमीला वाचतो. वाचायचं काम आईकडं आहे.