एक्झॉस्टवरचा डबा

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. परवा मावशीचा फोन आला, "तुमच्याकडे बुलडोझर आहे म्हणे?" स्वर असा की जणू आम्ही हत्ती पाळलाय! तर मावशी, बुलडोझर आमचा नाही, शेजारच्या आजोबांचा आहे. आणि त्या जातीत तो पिल्लूच म्हणायचा, वजन जेमतेम तीन टनांच्या वर. पण विषय निघालाच आहे तर सगळं लिहूनच टाकते.

आम्ही राहतो इलिनॉयमध्ये, पिओरियापासून तासाभरावर. कॅटरपिलरचं मुख्यालय २०१७ पर्यंत पिओरियात होतं, त्यामुळे या भागात पिवळ्या यंत्रांचं कुणाला कौतुक नाही. आजोबांच्या धान्याच्या कोठारामागे एक 'डी-टू' उभा होता. नंबराची सुरुवात '५यू' अशी, म्हणजे १९४७ ते १९५७ मधला. त्यांच्या वडिलांनी घेतलेला. वडील १९९२ साली गेले, तेव्हापासून बंद. मुलं म्हणत होती भंगारात द्या.

माझे बाबा २०११ च्या मे महिन्यात आले, सहा महिन्यांसाठी. पहिला महिना कसा गेला ते, ज्यांचे आईवडील इथे येऊन गेलेत त्यांना सांगायला नको. खिडकी, चहा, मराठी बातम्या, आणि "इकडं माणसंच दिसत नाहीत गं."

बाबा जायकवाडीला मेकॅनिक होते. दहा किलोमीटर लांबीचं मातीचं धरण ते, १९६५ ला काम सुरू झालं, १९७६ ला उद्घाटन. एवढी माती लोटायची म्हणजे डोझर आले, आणि डोझर आले की बाबा आले. घरी यायचे ते डिझेलच्या वासासकट. शाळेच्या फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय 'सरकारी नोकरी' एवढाच लिहायचे. खोटं नव्हतं. असो.

एका संध्याकाळी फिरताना ते त्या कोठारामागे थबकले. मला वाटलं, मशीन बघून. ते बघत होते वर, एक्झॉस्टच्या पाइपाकडे. त्यावर कॉफीचा रिकामा पत्र्याचा डबा पालथा घातलेला होता.

"डबा घातलाय बघ! आम्ही डालड्याचा घालायचो."

या पाइपाचं तोंड आकाशाकडे असतं. पाऊस आत गेला की उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून थेट पिस्टनवर. मग गंज, आणि पिस्टन सिलिंडरला असा चिकटतो की पुढची दोन वर्षं माणूस रॉकेल नि डिझेल ओतत बसतो. डबा असला तर यातलं काही होत नाही. मी आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, वडील रोज संध्याकाळी घालायचे. वडील गेल्यावर डबा गंजला की आजोबांनी नवा घातला. एकोणीस वर्षांत चार डबे. मशीन चालवायचं नाही, डबा मात्र बदलायचा!

दुसऱ्या दिवशी बाबांनी पहार घेतली आणि फ्लायव्हील हळूच ढकललं. हललं. "सुटं आहे," ते म्हणाले, "ज्यानं बंद केलं त्यानं नीट बंद केलंय." हे वाक्य मी भाषांतर करून सांगितलं आणि आजोबा काही न बोलता घरात निघून गेले. थोड्या वेळाने हातात पान्यांची पेटी घेऊन आले.

तेव्हापासून बाबांना खिडकी लागली नाही.

या मशीनला डिझेल इंजिन सुरू करायला शेजारी एक छोटं दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असतं, त्याला 'पोनी' म्हणतात. दोरी गुंडाळून ओढायची, पोनी धडधडली की क्लच जोडून तिच्या जोरावर मोठं इंजिन फिरवायचं. गंमत म्हणजे दोघांचं पाणी एकच, आणि पोनीचा गरम धूर मोठ्याच्या हवेच्या वाटेतून जातो, त्यामुळे थंडीतही मोठ्याला ऊब मिळते. ऑइल प्रेशर दिसेपर्यंत नुसतंच फिरवायचं, मग कॉम्प्रेशन, मग डिझेल. बाबांना हा क्रम तोंडपाठ होता. इंग्रजी येत नव्हतं, पण 'मॅग्नेटो' दोन्हीकडे मॅग्नेटोच.

मॅग्नेटो मेला होता, तो दुरुस्तीला पाठवला. डिझेल पंपाचे प्लंजर चिकटले होते. सगळ्यात चिवट निघाले ते स्टिअरिंगचे क्लच. डोझरला चाक नसतं, एका बाजूचा क्लच सोडला की त्या बाजूला वळतो. त्या क्लचच्या प्लेटा गंजून एकजीव झाल्या होत्या, आणि तिथपर्यंत पोचायचं तर सीटपासून वरचा सगळा पसारा उतरवायचा. यातच ऑक्टोबर उजाडला. पोनी बाबांसमोर सुरू झाली, मोठं इंजिन राहिलं. विमानतळावर बाबा माझ्यापेक्षा क्लचबद्दलच जास्त बोलले.

एप्रिल २०१२. सकाळी दहाला इथे, पैठणला रात्रीचे साडेआठ. मी फोन स्पीकरवर टाकून इंजिनाजवळ धरला. आजोबांनी दोरी ओढली. पोनी, मग क्लच, मग पांढऱ्या धुराचा लोट, आणि मग तो ठोका. मी ओरडले, "बाबा, झालं!"

"तीनच चालतायत," बाबा म्हणाले, "चौथा धरत नाहीये. बंद करू नका, गरम होऊ द्या."

चार-पाच मिनिटांनी चौथा लागला. ते मला कळलंच नाही. बाबांनी पैठणहून सांगितलं, "आता लागला."

रंग द्यावा असं माझं मत होतं. दोघांनीही हाणून पाडलं.

पुढे महिन्यातून एकदा अर्धा तास चालवायचं असं ठरलं. पोनीचं पेट्रोल आधी बंद करायचं आणि कार्ब्युरेटर रिकामा होऊन ती आपोआप थांबू द्यायची, नाहीतर पेट्रोल झिरपून तिच्या ऑइलमध्ये उतरतं. हे बाबांनी मला वहीत लिहून घ्यायला लावलं, लहानपणी पाढे लिहून घ्यायचे तसं.

त्या एप्रिलच्या दिवशी आनंदात सगळेच घरी गेलो, जेवलो. आमची रात्र म्हणजे तिकडे सकाळ. नऊ वाजता पुन्हा फोन.

"डबा घातला का गं?"

मी टॉर्च घेऊन निघाले. आजोबाही त्यांच्या दारातून टॉर्च घेऊनच येत होते.