आल्प्सची दैनंदिनी – भाग २ : स्टेशन असलेलं गाव

शुक्रवार रात्र, पॅरिस

आल्प्समध्ये स्कीइंगला जायचं, पण खिसा सांभाळून, इथवर मागच्या भागात आलो होतो. आज निघायचं आहे, तेव्हा आधी ठरवाठरवीबद्दल लिहिते.

स्कीच्या सुट्टीत पैसा पाच ठिकाणी जातो : प्रवास, मुक्काम, लिफ्टचा पास, भाड्याचं सामान आणि जेवण. यातला जवळजवळ प्रत्येक आकडा तारखेवर आणि गावावर ठरतो. फ्रान्समध्ये फेब्रुवारीत शाळांना सुट्टी लागते. देशाचे तीन विभाग पाडून ती पाळीपाळीने देतात, त्यामुळे जवळपास महिनाभर डोंगरावरची गर्दी हटत नाही. नाताळ आणि नववर्षाचं तेच. या दोन गर्द्यांच्या मधला जानेवारी मात्र स्वस्त असतो. थंडी कडक आणि दिवस लहान, पण घरभाडं उतरलेलं आणि लिफ्टला रांग नाही. सोबत येणाऱ्या सुहासला आणि मला रजा मिळाली, इथेच शिकणाऱ्या माझ्या भाच्याची, ओंकारची, परीक्षा संपली होती. जानेवारी पक्का झाला.

गावाला जास्त वेळ लागला. आल्प्स म्हटलं की कुरशव्हेल किंवा झेरमाट ही नावं आधी येतात, आणि त्यांचे भाव पाहून माणूस बेतच सोडून देतो. आम्ही शोधलं रेल्वे स्टेशन असलेलं गाव. फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, इटलीच्या सीमेजवळ, ब्रियाँसाँ आहे. सेर शव्हालिये या सुमारे २५० किलोमीटर उतारांच्या स्कीक्षेत्राची प्रोरेल गोंडोला या शहरातूनच वर जाते. लोक इथे बारा महिने राहतात, त्यामुळे किराणा रोजच्या भावात मिळतो.

ऑस्टर्लिट्झ स्टेशनवरून रात्रीची गाडी सुटते. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात एका खणात सहा बर्थ, अगदी आपल्या स्लीपरसारखे. एका तिकिटात प्रवास होतो आणि एका रात्रीचं हॉटेल वाचतं.

शनिवार, ब्रियाँसाँ

गाप मागे पडलं आणि उजाडू लागलं. द्युराँस नदीच्या काठाने गाडी हळूहळू चढत होती आणि खिडकीला ओंकारचं नाक चिकटलं होतं. "मावशी, हे सगळं खरंच आहे ना गं?" त्याने विचारलं. त्याला मी काही उत्तर दिलं नाही, मीसुद्धा बाहेरच बघत होते.

इथली सुट्टीची घरं शनिवार ते शनिवार भाड्याने देतात आणि किल्ली दुपारनंतर मिळते. रात्रीच्या गाडीने आलेल्याला त्यामुळे अख्खी सकाळ मोकळी मिळते. आम्ही जुन्या गावात गेलो. हे गाव १३२६ मीटर उंचीवर आहे. चौदाव्या लुईचा दुर्गस्थापत्यकार व्होबाँ याने आखलेली इथली तटबंदी २००८पासून जागतिक वारसा यादीत आहे. मुख्य रस्ता इतका चढाचा की छाती भरून येते. रस्त्याच्या मधोमध दगडी पाट आहे. पूर्वी आग लागली की त्यातलं पाणी हाताशी असायचं.

दुपारी भाड्याच्या सामानाचं दुकान. आधी ऑनलाइन नोंदवलं की इथे बरीच सूट मिळते. सुहासने आणि मी भराभर उरकलं, ओंकारच्या बुटांना मात्र वेळ दिला. स्कीचा बूट घालून सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की तो मागे सरकला पाहिजे. टाच उचलता येता कामा नये. दुकानातल्या बाईंनी त्याला आत एकच पातळ लांब मोजा घालायला लावला. दोन मोजे घातले की घड्या पडतात आणि नडगी सोलवटते. तिसरा जोड बसला. तोवर त्या बाईंच्या चेहऱ्यावर जराही कंटाळा नव्हता.

रविवार

ओंकारने आयुष्यात स्की पायाला लावलेली नाही. अशा माणसाला २५० किलोमीटरचा पास काय कामाचा? सहा दिवसांचा पूर्ण पास तीनशे युरोंच्या आसपास जातो. अनेक फ्रेंच स्की-गावांत नवशिक्यांच्या एक-दोन लिफ्ट फुकट असतात, नाहीतर त्यांचा वेगळा स्वस्त पास असतो. वाचलेले पैसे आम्ही शिक्षकाला दिले. लाल जाकीटवाल्या शिक्षिकेने त्याला आधी थांबायला शिकवलं : स्कीची टोकं जवळ, शेपट्या लांब, वजन दोन्ही पायांवर सारखं. तासाभरात तो स्वतःच्या मर्जीने थांबू लागला, आणि थांबता येतं हे कळल्यावर त्याची भीती गेली.

फ्रान्समध्ये उतारांचे रंग ठरलेले आहेत : हिरवा सर्वांत सोपा, मग निळा, लाल आणि काळा. आपल्या खाली जो असेल त्याचा मान पहिला, हा नियम सगळ्यांना सारखा.

मंगळवार

आम्ही दोघं आज प्रोरेलवरून लार्चच्या रानातून निळे उतार करत शाँतमेर्लपर्यंत गेलो. हिवाळ्यात या झाडांची पानं गळतात, म्हणून ऊन थेट बर्फावर येतं. वरून एक्रँ डोंगररांगेची शिखरं दिसतात, त्यांतलं सर्वांत उंच ४१०२ मीटरचं. जेवण डब्यातलं : रात्री केलेला मसालेभात, चीज, संत्री, थर्मासमध्ये चहा. डोंगरावरच्या उपाहारगृहात तिघांचं एक जेवण म्हणजे आमचा दोन दिवसांचा किराणा.

या खेळाचा इथला उगम मला फार महत्त्वाचा वाटतो. १९०४मध्ये फ्रेंच लष्कराने इथे, ब्रियाँसाँलाच, स्कीची शाळा काढली. शिकणारे होते सीमेवरचे सैनिक. बर्फात महिनोन्‌महिने अडकणाऱ्या खेड्यांमध्ये स्की हे दळणवळणाचं साधन झालं. १९०७मध्ये शेजारच्या माँजनेव्रला आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. श्रीमंतांची हॉटेलं नंतर आली. इथे साधी माणसं आधीपासून बर्फावर आहेत, आणि आपल्यासारख्यांनी इथे संकोचाने वावरायचं काही कारण नाही.

गुरुवार

आज स्की नाही. पोटऱ्या आणि मांड्या विश्रांती मागतात, आणि पासाचाही एक दिवस वाचतो. बसने गिझान नदीच्या खोऱ्यातून ल मोनेतियेला गेलो, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. उघड्यावरच्या कुंडात गळ्यापर्यंत कढत पाणी आणि डोक्यावर भुरभुरता बर्फ. ओंकार म्हणाला, "आजीला इथे आणायला हवं." तिला गुडघ्यांसाठी खरोखरच आवडेल.

शुक्रवार रात्र, परतीची गाडी

हिशोब मांडला. सर्वांत जास्त वाचलं ते तारखेमुळे, मग रात्रीच्या गाडीमुळे, मग स्वयंपाकामुळे. जाकिटं आणि पँटी मित्रांकडून मागून आणल्या होत्या, त्यांचा खर्च शून्य.

तीन ठिकाणी मात्र आम्ही हात आखडला नाही, तुम्हीही आखडू नका : नीट बसणारे बूट, शिक्षक आणि विमा. फ्रान्समध्ये उतारावर जखमी झालात तर खाली आणण्याचं बिल तुमच्या नावावर येतं. पास घेताना दिवसाला तीन-चार युरोंत हा विमा मिळतो. ज्यांना सगळं एकत्र हवं, त्यांनी १९६५पासून चालणाऱ्या यूसीपीए या ना-नफा संस्थेकडे पाहावं. राहणं, जेवण, पास, सामान आणि शिकवणी असं सगळं ती एकाच किमतीत देते.

युरोपात शिकणारी, नोकरी करणारी कितीतरी मराठी मुलं आल्प्सपासून एका रात्रीच्या अंतरावर राहतात आणि 'आपल्याला परवडायचं नाही' म्हणून तिकडे फिरकत नाहीत. त्यांना माझं सांगणं एवढंच : नावाजलेल्या गावांचे भाव बघून बेत मोडू नका. शाळांच्या सुट्ट्या टाळून तारीख ठरवा, स्टेशन असलेलं गाव शोधा, शरद ऋतूतच तिकिटं काढा आणि पहिले तीन दिवस शिक्षकाच्या हवाली करा.