कानाची चाळिशी

इअरबड्स श्रवणयंत्राची जागा घेतील का, असं कुणी विचारलं की आम्हा ऑडिओलॉजिस्ट मंडळींचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: नाही. उत्तर बरोबर असलं तरी मला ते अपुरं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार श्रवणयंत्राचा उपयोग होऊ शकेल अशांपैकी जेमतेम १७ टक्के लोक ते वापरतात. बाकीच्यांनी किमतीपायी, संकोचापायी किंवा ‘एवढं काही वाईट नाही’ म्हणत यंत्र टाळलेलं असतं. त्यामुळे सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांपुरता तरी इअरबड उत्तम यंत्राच्या किती जवळ जातो, यापेक्षा काहीच न वापरण्याच्या तुलनेत तो काय देतो, हे आधी पाहायला हवं.

वाढत्या वयातला श्रवणदोष सहसा उच्च वारंवारतेपासून सुरू होतो. स्वर ठीक ऐकू येतात, पण स, श, फ यांसारखे वर्ण निसटतात. ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार त्यातूनच येते. अशा कानासाठी सगळाच आवाज सरसकट वाढवला तर गोंगाटही वाढतो. कोणती वारंवारता किती उचलायची, हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी कसा वाढवायचा, हे जमवणं श्रवणयंत्राचं खरं काम, आणि आता ते काही इअरबड्सनाही जमू लागलं आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२पासून सौम्य ते मध्यम दोष जाणवणाऱ्या प्रौढांना विनाचिठ्ठी श्रवणयंत्रं मिळू लागली. सप्टेंबर २०२४मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने एअरपॉड्स प्रो या इअरबड्ससाठीच्या श्रवणयंत्र-सॉफ्टवेअरला परवानगी दिली. त्यासाठी झालेल्या ११८ जणांच्या अभ्यासात, स्वतः जुळवणी करणाऱ्यांना तज्ज्ञाकडून जुळवणी करून घेतलेल्यांइतकाच फायदा जाणवला. तैवानमधल्या २०२२च्या एका छोट्या अभ्यासात शांत खोलीत एअरपॉड्स प्रोची कामगिरी साध्या श्रवणयंत्राच्या जवळपास होती. गोंगाट समोरून, बोलण्याच्याच दिशेने आला, तेव्हा मात्र ते कमी पडले.

ही मर्यादा मोठी आहे, आणि एकटी नाही. श्रवणयंत्र दिवसभर चालतं, इअरबडची बॅटरी काही तासांत उतरते. तीव्र दोषाला लागणारी ताकद त्यात नसते. शिवाय एअरपॉड्सच्या जुळवणीला आयफोन किंवा आयपॅड लागतो, त्यामुळे तो घरात नसेल तर स्वस्ताईचा मुद्दाच उरत नाही. यावर कुणी म्हणेल, मग सरकारी मदतीने साधं श्रवणयंत्रच का घेऊ नये? पण अशी मदत दिव्यांगत्वाशी जोडलेली असते, आणि आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘श्रवणक्षीण’ ठरायला दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा ऱ्हास लागतो. ज्याचा ऱ्हास ४०-४५ डेसिबल आहे, त्याला बैठकीत आणि बँकेच्या खिडकीपाशी रोज अडचण येते, पण कायद्याच्या व्याख्येत तो बसत नाही. नेमका याच माणसाला इअरबडचा उपयोग होऊ शकतो. बाजारात मिळणारी सरसकट आवाज वाढवणारी स्वस्त यंत्रं मात्र त्याने या पंक्तीत बसवू नयेत.

सर्वांत गंभीर आक्षेप आजार दडून राहण्याचा. दुकानातून घेतलेल्या चाळिशीने वाचता येतं, पण काचबिंदू कळत नाही; तसंच इथेही आहे. इअरबडच्या जुळवणीसाठीची मोबाइलवरची चाचणी कानातला मळ, पडद्याचं छिद्र किंवा श्रवणनसेवरची गाठ ओळखत नाही. आपल्याकडे कान वाहण्याचा आजार बराच आढळतो, आणि वाहत्या कानात घट्ट बड बसवणं धोक्याचं. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर पहिल्या काही दिवसांतला उपचार मोलाचा असतो. म्हणून कान वाहणं, दुखणं, चक्कर, दोन कानांतला स्पष्ट फरक किंवा अचानक आलेला बहिरेपणा यांपैकी काहीही असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. पण आजाराच्या भीतीपोटी इअरबडच नाकारला, तर तो माणूस आमच्याकडे येईलच असं नाही. बहुधा तो घरीच बसेल. यापेक्षा त्याच्यासाठी सोपी, स्वस्त ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, तालुक्यापर्यंत न्यावी. तिच्या आलेखावरून इअरबड पुरेल की यंत्रच हवं, हे सांगावं आणि इअरबड घेतला तरी वर्षाने पुन्हा तपासायला बोलवावं. विक्री आमच्या हातून गेली तरी चालेल, तपासणी जाता कामा नये.