मामाची खिडकी, भाच्याचं सफरचंद

चहात साखर किती, यावर आमच्या घरात एकवेळ एकमत होईल; पण कॉम्प्युटर कुठला चांगला, यावर मामा-भाच्याचं जमणं कठीण. मी पडलो बँकेतला कारकून. बी.कॉम. झालो, टेबलामागे बसलो, समोर विंडोज उघडली, ती आजतागायत उघडीच आहे. भाचा लग्नाचे फोटो काढतो. तो मॅकवाला. त्याच्या चंदेरी यंत्रावर एक घास खाल्लेलं सफरचंद आहे. "अरे, एवढे पैसे मोजून उष्टं फळ कशाला आणलंस?" असं मी विचारलं, तर तो हसलाही नाही. भक्तांना विनोद चालत नाहीत.

"मामा, प्रोफेशनल लोक हेच वापरतात."

म्हणजे मी काय हौशी कारकून?

बँकेत नमतं घ्यावंच लागतं. घरी का घ्या? मी चौकशीला लागलो. मॅकिन्टॉश बाजारात आला १९८४ साली. फोटोशॉप १९९० साली निघालं, तेही फक्त मॅकसाठी. विंडोजवर यायला १९९३ उजाडलं. तोवर कितीतरी छपाईवाले आणि फोटोग्राफर मॅकवर जाऊन बसले होते. आणि एकदा जागा धरलेला माणूस उठत नाही, हे एस.टी.तला कुठलाही कंडक्टर सांगेल! पण पुढे मलाच धक्का बसला. ज्याच्या जिवावर मी विंडोजची बाजू लढवत होतो, ते आमचं एक्सेलसुद्धा १९८५ साली मॅकवरच जन्मलं आणि १९८७ साली विंडोजच्या घरात आलं. म्हणजे माहेर तिकडचंच! हे मी भाच्याला अर्थातच सांगितलं नाही.

अशात वडिलांचा एकुलता एक रंगीत फोटो त्याच्याकडे दुरुस्तीला दिला. डाग पडलेला, रंग उडालेला. बिचाऱ्यानं रात्री जागून तो नीट केला आणि मला पाठवला. मी घरच्या कॉम्प्युटरवर उघडला, तर वडील कावीळ झाल्यासारखे पिवळेधमक! मला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. लगेच फोन लावला. "हेच का तुझं प्रोफेशनल?"

संध्याकाळी तो माऊसएवढं एक यंत्र घेऊन आला. ते माझ्या स्क्रीनवर टेकवलं. स्क्रीन लाल, हिरवा, निळा होत राहिला. मग त्यानं तोच फोटो उघडला. वडील समोर होते. ऑफिसातून येऊन ओटीवर टेकायचे तसे, सावळे, थकलेले. बराच वेळ मला बोलता येईना.

"मामा, यात विंडोजचा काही दोष नाही," तो म्हणाला. "तुमचा स्क्रीन रंग चुकीचे दाखवत होता, इतकंच. तो जुळवावा लागतो. माझाही मी जुळवतोच."

जिंकलेला माणूस असं बोलला, की हरलेल्याला लपवाछपवी शोभत नाही. मीही एक्सेलच्या माहेराची गोष्ट सांगून टाकली.

"मग बरंच झालं," तो म्हणाला. "माझ्या बिलांचा हिशेब एक्सेलमध्येच आहे, पण जुळत नाही. बघता का?"

रविवारी गेलो. त्याच्या मॅकसमोर बसलो आणि पहिली दहा मिनिटं कंट्रोलचं बटण दाबत राहिलो. तिथे सगळी कामं कमांडनं होतात, हे मला कोण सांगणार? हिशेब मात्र जुळला.