साथीला बहीण

रॉक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर केस वाढवून आरडाओरडा करणारी पोरं यायची. मुलगा कॉलेजात असताना तसल्या कॅसेट लावायचा आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "तो दंगा आधी बंद कर!" आणि आज तीच मी 'हार्ट' नावाच्या अमेरिकन रॉक बँडवर लिहायला बसले आहे. घरातले हसतील. हसा खुशाल, पण शेवटपर्यंत वाचा.

२०१३ साली मुलाकडे बेलव्ह्यूला गेले होते. सिअॅटलच्या शेजारचं, तळ्याकाठचं गाव. एकदा गाडीत 'क्रेझी ऑन यू' लागलं. सुरुवातीला नुसती गिटार. ना ढोल, ना गाणं. मग बाकीची वाद्यं आली आणि मागून एका बाईचा आवाज. वरच्या सप्तकात गेला की आवाज बहुधा बारीक होतो. हिचा भरतच गेला.

"कोण रे ही?" मी विचारलं.

"अॅन विल्सन. आणि गिटारवर तिची धाकटी बहीण, नॅन्सी. आई, या दोघी याच गावात वाढल्यात, इथल्याच शाळेत शिकल्यात."

शाळा म्हटल्यावर मास्तरीणबाई थोडीच गप्प बसणार! अॅनची समामिश हायस्कूल ही शाळा मी बाहेरून का होईना, पाहून आले.

मग एकेक कळत गेलं. अॅनचा जन्म १९५०चा, नॅन्सीचा १९५४चा. वडील मरीन दलात मेजर, त्यामुळे लहानपण बदल्यांत गेलं. अॅन बोलताना अडखळायची. वर्गात वाचताना अडखळणारी मुलं चालीवर कविता म्हणताना अडखळत नाहीत, हे मी तीस वर्षं पाहिलंय, त्यामुळे तिला गाणं का सापडलं असेल ते मला लगेच समजलं. १९६४च्या फेब्रुवारीत दोघींनी टीव्हीवर बीटल्सना पाहिलं आणि ठरवलं, आपणही हेच करायचं. त्या काळी मुलींनी बीटल्सवर जीव टाकायचा असे, बीटल्स व्हायचं नसे!

पुढे अॅन कॅनडात व्हँकुव्हरला गेली आणि १९७४ साली नॅन्सी तिथे बँडमध्ये दाखल झाली. 'ड्रीमबोट अॅनी' हा पहिला अल्बम १९७५ साली आधी कॅनडात निघाला. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने जाहिरातीत दोघी बहिणींच्या नात्याबद्दल घाणेरडी सूचना केली. अॅन संतापली आणि त्या संतापातून १९७७चं 'बॅराक्युडा' आलं. इंग्रजी शब्द मला निम्मेच कळतात, पण राग शंभर टक्के कळतो.

मला मात्र ओढ लागली ती नॅन्सीची. कारण मीही साथ करणारी. आमची अक्का नाट्यगीतं गायची आणि मी पेटीवर. सांगलीतल्या गणेशोत्सवांत लोक अक्काला "वा!" म्हणायचे. पेटीला कोण म्हणतं? पण गाणारीला श्वास कुठे लागणार, हे साथ करणारीला आधी कळतं. नॅन्सी वाजवताना अॅनकडे ज्या तऱ्हेने बघते, ते बघणं मला ओळखीचं आहे. आणि गंमत बघा, 'हार्ट'चं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं पहिलं गाणं, १९८६चं 'दीज ड्रीम्स', गायलंय नॅन्सीने!

पण हे सगळं लिहायचं कारण वेगळं आहे.

२०१६ साली एका कार्यक्रमाच्या वेळी अॅनच्या नवऱ्याने नॅन्सीच्या मुलांवर हात टाकला. प्रकरण पोलिसांत गेलं. एकीचा नवरा, दुसरीची मुलं... दोघींनी काय करावं? बँड थांबला. चाळीस वर्षांची साथ तुटली.

त्यानंतर वर्षभरातच आमचं वडिलांचं घर विकलं गेलं. कोण काय बोललं ते इथे लिहीत नाही. घरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांना गरज नाही. अक्का मिरजेला, मी सांगलीत. एस.टी.ने अर्धा तास. पण आम्ही बोलायचं थांबलो. लग्नाकार्यात समोरासमोर आलो तरी "बरी आहेस ना?" एवढंच.

२०१९ साली विल्सन बहिणी पुन्हा एकत्र दौऱ्यावर गेल्या. झालं ते झालंच नाही असं त्यांनी केलं नसणार. ते होऊनही एकत्र उभ्या राहिल्या. मी ते वाचलं, पान उलटलं. म्हटलं, त्यांचं सोपं आहे.

२०२४च्या जुलैमध्ये मुलाने फोनवर सांगितलं, अॅनला कॅन्सर झालाय, शस्त्रक्रिया झाली, केमो घ्यायची आहे. दौरा पुढे ढकललाय. २०२५ साली ती पुन्हा मंचावर आली. मध्येच पडून कोपर मोडलं होतं, म्हणून चाकाच्या खुर्चीत बसून गायली. बाजूला नॅन्सी, गिटार घेऊन. मुलाने व्हिडिओ पाठवला होता. दोनदा पाहिला आणि अक्काला फोन लावला.

तिने उचलला. घराचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. गुडघ्याबद्दल बोलली, सुनेबद्दल बोलली. मग म्हणाली, "पेटी वाजवतेस का गं अजून?"

"भाता गळतोय," मी म्हटलं.

"मग दुरुस्त करून घे की."

घेतली. पुढच्या रविवारी अक्का आली. पूर्वी ती काळी चारमध्ये गायची. मी न विचारता काळी दोनवर सूर धरला. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि गायला लागली. आवाज कापत होता. दोन ठिकाणी मी पुढे गेले आणि थांबले. घराचा हिशेब अजून आहे तिथेच आहे. तो मिटेल असं वाटत नाही.

असो. 'दंगा' म्हणून ओरडले होते, त्याबद्दल मुलाची माफी मागायची राहिली आहे. ती इथेच मागते.